भाऊबंदकीचा पट : तंजावरची गादी आणि खेळाचे नियम

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जे मागणे मागतात ते 'क्रीडनीयका'चे आहे. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे खेळणे त्यांना हवे होते आणि त्या मागणीतून नाट्य उत्पन्न झाले, अशी भरताची कथा आहे. ज्या परंपरेने आपल्या एका श्रेष्ठ वाङ्मयप्रकाराचा उगम खेळण्याच्या मागणीत दाखविला, त्या परंपरेतील समीक्षकाने खेळाला निव्वळ करमणूक समजून बाजूस सारावे, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे. गेल्या काही दशकांत पटावर आणि संगणकावर खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक डावपेचांच्या खेळांनी सुशिक्षित तरुणांचा मोठा वर्ग आपल्याकडे ओढून घेतला आहे. राज्ये, घराणी, युद्धे आणि तह ह्यांविषयीच्या ह्या वर्गाच्या कल्पना ऐतिहासिक कादंबरीप्रमाणेच ह्या खेळांतूनही घडत असतात. तेव्हा हा विषय वाङ्मयविचाराच्या कक्षेत आणण्यास आता संकोच वाटण्याचे कारण नाही.

मात्र आरंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. खेळाचा अर्थ त्याच्या चित्रांत किंवा संगीतात मुख्यतः नसतो. तो त्याच्या नियमांत असतो. कादंबरीकार 'राजा दुर्बळ झाला' असे लिहितो. खेळाचा रचनाकार तसे लिहीत नाही. राजा दुर्बळ झाल्यावर काय काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही, एवढेच तो ठरवून देतो. हे ठरवून देणे म्हणजेच त्याचे इतिहासविषयक विधान होय. म्हणून एखाद्या ऐतिहासिक खेळात राज्यांतर्गत युद्धाचे नियम कसे रचावेत, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसला तरी राज्यांतर्गत युद्ध म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे काही एक उत्तर मनाशी धरल्यावाचून तो सुटत नाही. रूढ खेळांनी दिलेले उत्तर तंजावरच्या भोसले घराण्याच्या इतिहासावर घासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूढ उत्तर प्रथम पाहू. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स ह्या संस्थेने प्रसिद्ध केलेले 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा खेळ (२०१३) आणि 'क्रुसेडर किंग्ज'चा तिसरा खेळ (२०२०) हे ह्या प्रकारातील मान्यवर खेळ होत. पहिल्यात राजाची वैधता हा शून्य ते शंभरपर्यंतचा एक आकडा आहे. वारस जन्माला येतो तो आपल्या हक्काचे दुर्बळ, मध्यम किंवा प्रबळ असे माप घेऊनच. वैधता खालावली की प्रजेत अस्वस्थता वाढते आणि गादीवर हक्क सांगणाऱ्याच्या नावाने बंड उभे राहते. दुसऱ्या खेळात व्यक्ती आणि त्यांची नाती अधिक बारकाईने रंगविली आहेत. तेथे मांडलिक एकत्र येऊन दुसऱ्या दावेदाराचा पक्ष उभारतात, पक्षाचे बळ पुरेसे झाले की राजापुढे मागणी ठेवतात आणि ती नाकारली गेली की युद्ध पेटते. दरबारातील धर्माधिकाऱ्याला कामाला लावून परक्या परगण्यावर हक्क 'तयार' करून घेण्याची सोयही त्यात आहे. ह्या रचनांमागील कौशल्य निःसंशय मोठे आहे. राज्य म्हणजे एकजिनसी वस्तू नसून ती परस्परविरोधी हितसंबंधांची मोट आहे, ही गोष्ट हजारो खेळाडूंच्या मनावर त्यांनी ठसविली. परंतु त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे. हक्क ही दावेदाराच्या अंगची वस्तू आहे आणि युद्ध हे तिचे मोजमाप आहे, असे ते गृहीत होय. दोन भाऊ, दोन आकडे, दोन सैन्ये. जो जिंकेल त्याचे राज्य.

ही कल्पना मराठीत उतरवू लागलेल्या अनुवादकाची पहिल्याच शब्दापाशी अडचण होते. 'सिव्हिल वॉर' ह्या संज्ञेत नागरिकाने नागरिकाशी केलेल्या युद्धाची रोमन कल्पना आहे. तिच्यासाठी मराठीजवळ दोन शब्द आहेत आणि ते दोन्ही तिच्याशी जुळत नाहीत. 'यादवी' हा शब्द आपल्याला महाभारताच्या मौसलपर्वाकडे नेतो. प्रभासक्षेत्री मद्यधुंद यादव एकमेकांना मारतात, त्यात कोणाचा दावा नाही, कोणाला काही मिळायचे नाही. उरतो तो केवळ कुलक्षय. 'भाऊबंदकी' ह्या शब्दाची जात वेगळी आहे. तिच्यात वाटणी आहे, वतन आहे, दायादांचा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा वाद आहे. मुख्य म्हणजे तिच्यात पंच आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या कथेवर नाटक रचले, तेव्हा त्याला त्यांनी 'भाऊबंदकी' हेच नाव दिले. आणि त्या नाटकात रामशास्त्र्यांना जे स्थान आहे ते योगायोगाने आलेले नाही. भावाभावांत कोण खरा हे भाऊ ठरवू शकत नाहीत, ते तिसऱ्यालाच ठरवावे लागते. रूढ खेळांत हा तिसरा माणूस नाही. तंजावरचा इतिहास मात्र जवळजवळ सर्वस्वी ह्या तिसऱ्या माणसाचाच इतिहास आहे.

तंजावरात मराठ्यांची सत्ता आली तीच मुळी ह्या मार्गाने. मदुरेच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचे राज्य घेतले होते. तंजावरच्या नायकवंशातील वारसाला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी विजापूरच्या दरबाराने व्यंकोजीराजे भोसले ह्यांना पाठविले. त्यांनी ते काम केले आणि १६७६ च्या सुमारास गादी स्वतःच घेतली. पंच म्हणून आलेला मनुष्य धनी झाला. चौघांनी फासे टाकून खेळावयाचे एक प्राचीन बुद्धिबळ आपल्याकडे होते. अल्बेरुनीने अकराव्या शतकात त्याचे वर्णन केले आहे आणि रघुनंदनाच्या 'तिथितत्त्व' ह्या ग्रंथात त्याचे नियम व्यास-युधिष्ठिर संवादाच्या रूपाने आले आहेत. त्यात दोन-दोन भिडू मित्र असतात. पण आपला राजा मित्राच्या सिंहासनावर नेऊन बसविला की मित्राच्या सैन्याचे आधिपत्यही आपल्याकडे येते. मैत्री आणि राज्यापहार ह्यांत एकाच घराचे अंतर आहे, हे ओळखणारा हा नियम आजच्या अनेक खेळांच्या नियमांहून अधिक राजनीतिज्ञ आहे, असे मला वाटते.

लगेच पुढच्या वर्षी, १६७७ साली, शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले आणि त्यांनी सावत्र भाऊ व्यंकोजी ह्यांच्याकडे शहाजीराजांच्या दौलतीचा अर्धा वाटा मागितला. कोळ्ळिडम नदीच्या काठी भेट झाली, बोलणी फिसकटली, व्यंकोजीराजे रातोरात नदी उतरून निघून गेले आणि पुढे लढाईही झाली. परंतु प्रकरण मिटले ते लढाईने नव्हे. रघुनाथपंत हणमंते आणि व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई ह्यांच्या मध्यस्थीने समेट झाला आणि बंगळूरसारखे महाल दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिले गेले, असे परंपरा सांगते. जो प्रदेश भावाला वाटा म्हणून परत करता येत नव्हता तो भावजयीला अहेर म्हणून देता आला. नकाशावर प्रदेशाचा रंग बदलणारा कोणताही नियम ह्या कृतीचा अर्थ पकडू शकणार नाही. येथे भूमी तीच राहिली, देण्याचे नाव बदलले आणि नाव बदलल्यामुळे वैर मिटले.

समेटाने मिटलेले हे एक प्रकरण झाले. पुढील शतकातील प्रकरणे अशी मिटली नाहीत. १७३६ साली तुकोजीराजे (पहिले तुळजाजी) निवर्तले आणि त्यानंतरच्या सुमारे तीन वर्षांत दुसरे एकोजी, त्यांच्या विधवा पत्नी सुजानबाई, सवाई शाहजी आणि प्रतापसिंह अशी चार नावे गादीशी जोडली गेली. ह्या उलाढालीत किल्लेदार सय्यद ह्याचा हात होता. त्याला स्वतःला गादीवर बसता येत नव्हते. पण कोणाला बसवावे आणि कोणाला उतरवावे हे त्याला ठरविता येत होते. सवाई शाहजी हे पहिल्या सरफोजीराजांचे पुत्र असल्याचे सांगत. तमिळ लोकांनी त्यांना 'काट्टुराजा', म्हणजे रानातला राजा, म्हटले आणि विरुद्ध पक्षाने तोतया ठरविले. मराठी वाचकाला तोतया म्हटला की पानिपतानंतर प्रकटलेला भाऊसाहेबांचा तोतया आणि न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' आठवते. पण शाहजींच्या बाबतीत त्यांची ओळख पटविण्यापेक्षा त्यांचा उपयोग कोणाला होता हाच प्रश्न अधिक मोलाचा ठरला. गादी मिळविण्यासाठी त्यांनी फ्रेंचांना कारैकल देऊ केले. गादी हाती येताच वचन पाळण्याचे टाळले. तेव्हा चंदासाहेबाने १७३९ साली कारैकल घेऊन ते फ्रेंचांच्या हवाली केले. त्याच वर्षी प्रतापसिंह गादीवर आले आणि पुढे त्यांनी सय्यदाचा काटा काढला. १७४९ मध्ये तेच शाहजी इंग्रजांच्या आश्रयाला होते. त्यांना गादी मिळवून देण्याच्या नावाने इंग्रजांनी दोन मोहिमा काढल्या. पहिली फसली, दुसरीत मेजर लॉरेन्स ह्याने देवीकोट्टै घेतले. मग इंग्रजांनी प्रतापसिंहांशीच तह केला. देवीकोट्टै आणि ९,००० होनांच्या वार्षिक उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांना मिळाला, आणि ज्याच्यासाठी युद्ध मांडले होते त्या दावेदाराला वर्षाला ४,००० रुपयांची नेमणूक ठरली. अट एवढीच होती की, त्याने पुन्हा उपद्रव देऊ नये ह्याची हमी इंग्रजांनी घ्यावी.

ह्या तहात भाऊबंदकीच्या खेळाचे जवळजवळ सारे नियम एकत्र सापडतात. पहिला नियम असा की, हक्काला स्वतःचे असे माप नसते. कोणी तरी तो मान्य करील तेव्हाच तो उत्पन्न होतो आणि मान्यतेची किंमत राज्यातून द्यावी लागते. ती किंमत पटावरून कायमची उचलली जाते. दुसरा नियम असा की, हरलेला दावेदार मरत नाही. तो कोणाच्या तरी ताब्यात, कोणाच्या तरी नेमणुकीवर शिल्लक राहतो आणि ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्या हाती एक राखून ठेवलेली चाल असते. रूढ खेळांत बंड मोडले की दावेदार सहसा नाहीसा होतो. तंजावरात त्याचे मोल हरल्यानंतरच वाढले.

ह्या दृष्टीने अँड्र्यू मॅकनील ह्यांचा 'किंगमेकर' हा १९७४ चा पटावरील खेळ अभ्यसनीय आहे. पंधराव्या शतकातील इंग्लंडच्या गुलाबयुद्धांवर तो बेतलेला आहे. त्यात भिडू राजपुत्र होत नाहीत; ते सरदारांच्या गटाचे धनी होतात. राजवंशातील सोंगट्या स्वतः काहीच करू शकत नाहीत. त्यांना ताब्यात घ्यावे लागते, फिरवावे लागते, अभिषेक करवावा लागतो. शेवटी एकमेव अभिषिक्त राजा ज्याच्या मुठीत, तो जिंकला. कोल वेर्ली ह्यांच्या 'पॅक्स पामीर' (२०१५) ह्या खेळात अफगाण सरदार होऊन परक्या सत्तांपैकी कोणाच्या बाजूने राहावयाचे हे भिडू वारंवार ठरवितात आणि बदलतात. किल्लेदार सय्यदाला हे दोन्ही खेळ सहज समजले असते. तथापि त्यांतही एक उणीव राहते. 'किंगमेकर'मध्ये कोण कोणाच्या नंतरचा वारस हे छापलेल्या क्रमाने आधीच ठरलेले असते. तंजावरात तो क्रमच वादाचा विषय होता.

ह्याचा पुरावा १७८७ सालच्या प्रकरणात आहे. दुसरे तुळजाजी मृत्यूपूर्वी सुमारे दहा वर्षांच्या सरफोजींना भोसल्यांच्या भाऊबंद शाखेतून दत्तक घेऊन गेले आणि मुलाचा सांभाळ त्यांनी श्वार्ट्झ ह्या जर्मन मिशनऱ्याकडे सोपविला. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह ह्यांनी दत्तकविधानाला हरकत घेतली. मद्रासचा गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्बेल ह्याने पंडितांचे मत मागविले. दत्तक दिलेला मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक होता, त्याचे वयही उलटले होते, अशा स्वरूपाच्या कारणांवरून दत्तक अशास्त्र ठरला आणि अमरसिंह राजे झाले. श्वार्ट्झ मात्र स्वस्थ बसला नाही. पुढे काशी आणि बंगाल येथील पंडितांची मते मागविण्यात आली, ती उलट पडली आणि १७९८ साली सरफोजी गादीवर आले. अमरसिंहांच्या जन्माविषयीही प्रश्न निघाला, कारण ते खांडाराणीचे, म्हणजे तलवारीशी लग्न लावून आणलेल्या स्त्रीचे, पुत्र होते. पण त्यांचे वडील प्रतापसिंहही खांडाराणीचेच पुत्र होते, आणि १७३९ मध्ये ती बाब आड आली नव्हती. येथे तिसरा नियम हाती लागतो : एकदा मान्य झालेले कारण पुढच्या डावात उलटे फिरविता येते. धर्मशास्त्राचे ग्रंथ बदलले नव्हते. प्रश्न विचारणारा बदलला होता, आणि अकरा वर्षांत कंपनीची गरज बदलली होती.

ह्यावर असा आक्षेप येईल की, हक्क हा केवळ मान्यतेतून उत्पन्न होतो असे म्हटले तर खरेखोटे असे काही उरतच नाही. सारे बळाचेच राजकारण होते, आणि मग बळच मोजणारे रूढ खेळ बरोबर ठरतात. आक्षेप विचारणीय आहे, पण तो टिकत नाही. सत्तेला केवळ बळ पुरेसे असते तर कंपनीने पंडितांना विचारले नसते. बळ तिच्याजवळ होतेच. तिला आपल्या निर्णयाला शास्त्राची भाषा हवी होती, आणि ती भाषा स्वतःचे काही बंधन घेऊनच येते. पंडिताने दिलेले कारण दुसरा पंडित तपासू शकतो, अकरा वर्षांनी का होईना ते खोडून काढू शकतो. तोफेच्या गोळ्याला असे उत्तर देता येत नाही. म्हणजे हक्क हा काल्पनिक नाही; तो वादात घडणारा आहे. त्याला आकडा देण्याऐवजी खेळाने त्याला कारणे द्यावीत. दत्तकाचे कारण, ज्येष्ठत्वाचे कारण, मृत राजाच्या इच्छेचे कारण अशी पाने भिडूंच्या हाती असावीत. पंचापुढे पान मांडावे लागावे आणि मांडलेले पान सर्वांना दिसेल असे पटावर उघडे राहावे. मग आज उपयोगी पडलेले कारण उद्या आपल्यावरच उलटू शकते, हे भय प्रत्येक चालीत राहील.

दुसरा आक्षेप पंचाविषयी येईल. पंच जर इतका समर्थ, तर खेळ भिडूंच्या हातचा राहतो कोठे? ह्याचे उत्तरही तंजावरच देते. पंच हा एकसंध नसतो. अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या साहाय्याने १७७३ साली तंजावर घेतले आणि तुळजाजींना कैद केले. विलायतेतील संचालकांनी ते उलटविले. लॉर्ड पिगट ह्याने एप्रिल १७७६ मध्ये तुळजाजींना पुन्हा गादीवर बसविले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मद्रासच्या कौन्सिलातील बहुमताने खुद्द पिगटलाच पदच्युत करून अटकेत टाकले. त्या अटकेतच १७७७ साली तो मरण पावला. तंजावरच्या भाऊबंदकीत निवाडा देणाऱ्यांच्या घरातच बंडाळी माजली. चांगला रचनाकार पंचाला यंत्र करणार नाही. त्याच्याही आत परस्परांचे पाय ओढणारे भिडू ठेवील.

आता जिंकण्याचा प्रश्न. डावपेचांचे खेळ विस्ताराचे वेड घेऊन जन्माला आलेले असतात. डाव संपताना ज्याचा रंग नकाशावर अधिक, तो श्रेष्ठ. तंजावरात उलटे घडले. १७३९ मध्ये कारैकल गेले, १७४९ मध्ये देवीकोट्टै गेले, आणि सरफोजींना गादी मिळाल्यानंतर वर्ष-दीड वर्षातच, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभारच कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. प्रत्येक डाव कोणी तरी जिंकला आणि प्रत्येक विजयानंतर पट लहान झाला. ज्या खेळात जिंकणाऱ्याच्या हाती डावाच्या आरंभी होते त्याहून कमी उरू शकते, आणि तरीही तो जिंकला असे म्हणावे लागते, तोच भाऊबंदकीचा खरा खेळ होय.

गादी आहे पण राज्य नाही, अशा अवस्थेत सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ केली, हे सर्वांना ठाऊक आहे. १८०३ साली त्यांनी आणखी एक गोष्ट केली. बाबूराव चिटणिसांकडून भोसले वंशाचे चरित्र तयार करवून ते त्यांनी बृहदीश्वराच्या देवालयात देवनागरी लिपीत दगडावर कोरविले. हा प्रचंड मराठी कोरीव लेख इतिहाससंशोधकांनी घराण्याच्या माहितीचे साधन म्हणून वाचला, आणि ते योग्यच आहे. परंतु काळ ध्यानात घ्यावा. अमरसिंह तिरुविडैमरुदूर येथे नेमणुकीवर राहून १८०२ साली वारले, आणि पुढच्याच वर्षी हा लेख कोरला गेला. ज्याचे दत्तकविधान एकदा अशास्त्र ठरले होते, त्या राजाने प्रतिपक्षी गेल्यावर वंशाची साखळी दगडात पक्की केली. सवाई शाहजी त्या कथेत तोतयाच राहतात. म्हणून हे चरित्र इतिहासाबरोबरच डावातील एक चाल म्हणूनही वाचले पाहिजे. राजाजवळ सैन्य उरले नव्हते, तह करण्याचे स्वातंत्र्य उरले नव्हते. लिहविण्याचे सामर्थ्य तेवढे उरले होते आणि ते त्याने वापरले.

ह्या घराण्याचा डाव ज्या रीतीने संपला तीही रचनाकाराने विसरू नये. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि कंपनीने गादी खालसा केली, त्याबरोबर राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाईंच्या दाव्यात १८५९ साली प्रीव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, हे राजसत्तेचे कृत्य आहे आणि न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. शंभराहून अधिक वर्षे कोणाचे कारण खरे हे ठरवीत आलेल्या पंचाने शेवटी कारण ऐकण्याचेच नाकारले. असा शेवट नियमांत बसविता येतो : पटावरून उचललेले मोल एका मर्यादेपलीकडे गेले की पुढच्या वारसाच्या वेळी कोणतेही पान मांडता येऊ नये.

असा खेळ मराठीत किंवा तमिळमध्ये रचला जावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्यासाठी लागणारी सामग्री मोडी कागदपत्रांत, देवालयाच्या भिंतीवर आणि दोन्ही भाषांतील इतिहासग्रंथांत आहे. समीक्षेचे काम रचनाकाराला कथानक पुरविण्याचे नाही. नियमाच्या आड कोणते मत दडले आहे हे दाखविण्याचे आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर एका भिडूची बाजू कोरलेली आहे. अमरसिंहांची बाजू, काट्टुराजाची बाजू, सुजानबाईंची बाजू कोणी दगडावर कोरली नाही. त्यांच्या जागी बसून, त्यांच्या हाती होती तेवढीच पाने घेऊन डाव मांडता येणे, हे खेळ ह्या प्रकाराला शक्य आहे. आणि असा डाव मांडला गेला तर तो त्या कोरीव लेखावरील एक गंभीर भाष्य ठरेल.